भंगारातली चांदी आणि हिशेबातले मौन

२०२५ च्या ऑक्टोबरात चांदीने औंसाला ५० डॉलरची पातळी ओलांडली आणि आपल्याकडे किलोचा भाव दीड लाख रुपयांच्या पुढे गेला. धनत्रयोदशीच्या तोंडावर बाजारात मालाची ओढाताण झाली, तेव्हा चर्चा रंगली ती पैंजणांची, नाण्यांची आणि सट्ट्याची. १९८० साली टेक्सासच्या हंट बंधूंनी केलेल्या साठेबाजीचे स्मरणही अनेकांना झाले. परंतु हंट बंधूंची चांदी तिजोरीत पडून होती. भाव कोसळताच ती बाजारात आली. आजची निम्म्याहून अधिक चांदी यंत्रांच्या पोटात जात आहे आणि तिथून ती आपोआप परत येत नाही. २०२४ साली जगभरच्या उद्योगांनी एकवीस हजार टनांच्या आसपास चांदी वापरली. जुन्या मालातून, दागदागिने धरूनही, परत मिळाली ती सुमारे सहा हजार टन. सौर पट्ट्यांतील चांदीबद्दल आता पुष्कळ लिहिले जाते. विजेच्या स्विचांतील चांदीबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही.

शेतातल्या पंपाचा मालक ‘स्टार्टरचे पॉइंट जळाले’ असे म्हणतो, तेव्हा तो बहुधा चांदीविषयीच बोलत असतो. सर्व धातूंत चांदी विजेची सर्वोत्तम वाहक, हे खरेच. पण तिची निवड केवळ त्यासाठी होत नाही. तांब्यावर चढणारा ऑक्साइडाचा थर विजेला अडवतो, त्यामुळे सांधा तापू लागतो. चांदीचा ऑक्साइड मात्र थोड्याच उष्णतेने मोडतो आणि धातू पुन्हा उघडा पडतो. प्रवाह तोडताना दोन टोकांमध्ये क्षणभर ठिणगी उठते. तिचे तापमान हजारो अंशांचे असते. शुद्ध चांदी त्या दाहाने चिकटून बसते, म्हणून तिच्यात निकेल, टंगस्टन किंवा कॅडमियम ऑक्साइड मिसळतात. तीन फेजच्या साध्या कॉन्टॅक्टरमध्ये अशा बारा टिकल्या असतात आणि त्यांत चांदीचा वाटा पुष्कळदा ८५ ते ९० टक्के असतो. काळवंडलेल्या टिकल्या कानशीने घासून चकचकीत करण्याची सवय आपल्या कारागिरांत सार्वत्रिक आहे. तो काळेपणा बहुधा निरुपद्रवी असतो. कानशीखाली जाते ती चांदीच.

टिकली झिजून निकामी ठरली, तरी तिच्यातील बरीच चांदी शिल्लक असते. भंगारवाल्याला हे ठाऊक आहे. तो टिकल्या पितळी-तांब्याच्या पट्टीपासून निराळ्या काढतो. पुढची क्रिया जुनी आणि सोपी आहे. नायट्रिक आम्लात चांदी विरघळवायची, मिठाच्या पाण्याने तिचा पांढरा साका खाली बसवायचा आणि तो पुन्हा आटवायचा. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूरच्या दुष्काळी टापूतून देशभर पांगलेल्या गलाई कारागिरांना चांदीच्या शुद्धीकरणात नवे असे काही शिकवावे लागणार नाही. प्रश्न कौशल्याचा नाहीच.

प्रश्न कॅडमियमचा आहे. चांदी ९६२ अंशांना वितळते, तर कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. टिकल्या सरळ कोळशाच्या भट्टीत टाकल्या, तर ऑक्साइडातून सुटलेले कॅडमियम चांदी वितळण्यापूर्वीच हवेत जाऊ लागते. तो धूर श्वासात गेला की आरंभी साधा ताप आल्यासारखे वाटते. फुप्फुसांना सूज येते ती काही तासांनी, आणि ती प्राणघातक ठरू शकते. थोडाथोडा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला, तर मूत्रपिंडे निकामी होतात. सोनारांच्या जोडकामातील ज्या कॅडमियममुळे ‘केडीएम’ हा शब्द घरोघरी पोचला, तेच हे द्रव्य. तिथे दागिना विकत घेणारे गिऱ्हाईक होते, म्हणून ओरड झाली. इथे गिऱ्हाईकाला टिकली दिसतच नाही.

यावर धातू परत मिळवण्याचे कामच थांबवा, असा उपाय कोणी सुचवील तर तो अविचार ठरेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अणुबाँबच्या प्रकल्पासाठी तांबे अपुरे पडले, तेव्हा ओक रिजच्या विद्युतचुंबकांची वेटोळी सरकारी खजिन्यातून उसन्या घेतलेल्या सुमारे तेरा हजार टन चांदीची केली गेली. ती तोलूनमापून दिली होती आणि तोलूनमापूनच परत घेतली गेली. १९७० मध्ये शेवटचा हप्ता परत पोचला, तेव्हा एकूण तूट शंभर किलोमागे ३६ ग्रॅमपेक्षाही कमी भरली. तारा आणि टिकल्या यांत फरक आहे, हे मान्य. ठिणगीने उडालेली चांदी कोणी परत आणू शकत नाही. तथापि उरलेली चांदी हरवते ती भौतिकशास्त्राच्या नियमांमुळे नव्हे. तिचे वजन कोणी करीत नाही, म्हणून ती हरवते.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ मध्ये झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. उत्पादकाने आपल्या मालाच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी घ्यावी आणि त्याबद्दलची प्रमाणपत्रे नोंदणीकृत कारखान्यांकडून विकत घ्यावीत, अशी त्यांची योजना आहे. ही प्रमाणपत्रे परत मिळवलेल्या धातूच्या वजनावर ठरतात. आरंभ झाला तो सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंनी. २०२४ या एका वर्षात सात हजार टनांहून अधिक चांदी आयात करणाऱ्या देशाने या यादीतून चांदीच वगळावी, हे अनाकलनीय आहे. ज्या धातूला प्रमाणपत्र नाही, त्यासाठी धूर शोषणारी यंत्रणा कोणता नोंदणीकृत कारखाना उभारील? टिकल्या मग जिथे भाव मिळतो तिथे, म्हणजे गल्लीतल्या भट्टीकडे जातात.

चांदीला यादीत स्थान देणे हे एका अधिसूचनेचे काम आहे. गिरण्या, साखर कारखाने, वीज व वाहतूक संस्था यांनी जुने स्विचगिअर लिलावात काढताना टिकल्या वेगळ्या मोजाव्यात आणि त्या नोंदणीकृत शुद्धीकरण केंद्राकडेच द्याव्यात, एवढी अट निविदेत घालण्यासाठी तर अधिसूचनाही लागत नाही. गलाई कारागिरांच्या सहकारी संस्थांना आम्लाचा व धातूचा धूर शोषणाऱ्या भट्ट्यांसाठी कर्ज मिळाले, तर हे काम त्यांच्याकडून हिरावून घेण्याचे कारण उरणार नाही. नव्या मालात कॅडमियमची जागा टिन ऑक्साइड घेत आहे, असे सांगून उद्योगवाले समाधान मानतात. युरोपने २००६ पासून कॅडमियमवर निर्बंध घातले खरे. मात्र विद्युत कॉन्टॅक्टना तेव्हा सवलतच दिली होती. शिवाय एकदा भिंतीवर चढलेला स्विचगिअर वीस-पंचवीस वर्षे सहज चालतो. या शतकाच्या आरंभी बसवलेला माल आता कुठे भंगारात उतरू लागला आहे.