नावातून गेलेला ‘मराठा’

रेल्वे मंत्रालयाचा इतिहास सांगताना १९०५ सालचे रेल्वे बोर्ड, १९२४ पासूनचा स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प आणि २०१७ साली त्याचे झालेले विलीनीकरण यांचा उल्लेख हमखास होतो. आम्हां सीमावासीयांच्या मनात मात्र १९५१ हे साल सलते.

मिरजेहून बेळगावमार्गे लोंढ्याकडे जाणारा आमचा लोहमार्ग तोवर ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’चा होता. त्या नावात धारवाडसारखा कानडी मुलूखही येत असे, त्यामुळे त्याच्या बळावर आम्ही भाषेचा दावा सांगणार नाही. १४ एप्रिल १९५१ रोजी ती रेल्वे, साउथ इंडियन रेल्वे आणि म्हैसूर रेल्वे एकत्र करून ‘दक्षिण रेल्वे’ घडवली गेली आणि ‘मराठा’ हा शब्द गेला. कारभाराच्या सोयीसाठी ते आवश्यकही असेल.

आमचा आक्षेप पुढचा आहे. रेल्वेचे विभाग राज्यांच्या सीमा जुमानत नाहीत. स्थानकावरील फलक मात्र जुमानतो. राज्याची भाषा, हिंदी व इंग्रजी एवढेच त्यावर येते. बेळगावच्या फलकावर देवनागरी दिसते, ती हिंदीची! भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे तत्त्व केंद्रानेच १९५६ साली राज्यांपुढे ठेवले. रेल्वे तर थेट केंद्राची. मग बेळगाव-खानापुरातील सूचना व उद्घोषणा मराठीतही करण्यास तिला कोणत्या राज्याची अनुमती हवी?