अंगात येणे आणि अंग सांभाळणे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा, तिस्रैषणीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. त्रिविध औषधांत दैवव्यपाश्रय पहिले येते, हे परीक्षेपुरते सर्वांस स्मरते. परंतु त्याच अध्यायाचा प्रारंभ प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा या तीन एषणांनी होतो व त्यांचा हा क्रम आचार्यांनी हेतुपुरस्सर लावलेला आहे, इकडे फारसे लक्ष जात नाही. प्राण गेले की सर्वच गेले, म्हणून आधी स्वास्थ्य, मग उपजीविका आणि त्यानंतर परलोक. ज्याच्या अंगात देव येतो त्याने आपले शरीर व संसार कसा सांभाळावा, या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला हा क्रम निर्णायक वाटतो.

प्रश्न केवळ ग्रंथगत नाही. डहाणू, जव्हार, मोखाडा या पट्ट्यातील वारली व कोकणा पाड्यांवर भगत आजही आहे. पाश्चात्त्य अभ्यासक ज्याला शामन म्हणतात (हा शब्द मूळचा सायबेरियातील एवेंकी लोकांचा), त्याचाच हा आपल्याकडील सगोत्र. तांदळाचे दाणे पाहून तो दुखण्याचे कारण सांगतो, वारे आले की घुमतो, देवाला कोंबडा कबूल करवतो. लोकभाषेने या अवस्थेला ‘वारे’ हेच नाव द्यावे, हे आम्हां वातविचार करणाऱ्यांना कौतुकास्पद वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु भगत पोटासाठी भगत नसतो. उन्हाळ्यात तो राब भाजतो, पावसात गुडघाभर चिखलात भाताची आवणी करतो, आणि दिवाळीनंतर गरज पडली तर कुटुंबासह वीटभट्टीवरही जातो. वारे उतरले की तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखाच एक शेतकरी असतो. शेतीचे ऋतुमान आणि पाड्याचा व्यवहार त्याला दररोज जमिनीवर आणून ठेवतात. त्याच्या साधनेला लाभलेले हेच खरे पथ्य होय, असे आमचे मत आहे.

हे पथ्य मोडते तेव्हा काय होते, तेही पाहिले पाहिजे. आहार, स्वप्न व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ याच अध्यायात सांगितले आहेत. रात्र घुमण्यात जाते, पोट रिकामे असते, वर दारू असते, आणि पहाटे पुन्हा नांगर. जागरण रूक्ष, लंघन रूक्ष, अतिश्रम रूक्ष. मग कंप, अनिद्रा, अग्निमांद्य, चिडखोरपणा ही लक्षणे दिसू लागली तर त्यांत अलौकिक काही नाही. असा भगत आपल्याकडे रुग्ण म्हणून आला तर त्याच्या देवाची चौकशी करण्यापूर्वी त्याच्या झोपेची, जेवणाची आणि मद्याची चौकशी करावी. स्निग्ध आहार, अभ्यंग, दिवसा थोडी विश्रांती आणि घुमण्याच्या रात्रीपूर्वी पोटभर पेज, एवढ्याने पुष्कळ साधते. देव सोडा असे सांगणारा वैद्य त्याला दुसऱ्यांदा भेटत नाही.

शहरातील गोष्ट निराळी. मायकेल हार्नर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाचे शामनमार्गावरील पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले, आणि ढोलाच्या तालावर ‘प्रवास’ शिकविणारी शिबिरे जगभर निघाली. आता सुशिक्षित मंडळी दोन दिवसांच्या शिबिरातून परततात. त्यांच्यामागे ना पाडा, ना शेत, ना गुरू. पेरूमधील शिपिबो वैद्य आयाहुआस्काच्या काढ्यापूर्वी मीठ, मद्य, डुकराचे मांस व मैथुन वर्ज्य करतात. परदेशांतल्या शिबिरांत काढा राहतो, पथ्य गळते. तीन प्रकारच्या वैद्यांमध्ये चरकांनी ‘सिद्धसाधित’ म्हणून जो वर्णिला आहे, म्हणजे थोरांच्या नावाशी आपले नाव जोडून मिरवणारा, त्याची येथे आठवण होते.

औषधविक्रेत्या बंधूंचा संबंध येथेच येतो. आयाहुआस्काच्या वेलीतील हार्मिन हे द्रव्य आपल्या दुकानातील हरमलच्या बियांतही असते. धुरीसाठी चिमूटभर हरमल नेणारा आणि ‘साधनेसाठी’ पावशेर मागणारा यांत भेद करावा. नैराश्यावरील आधुनिक गोळ्या चालू असणाऱ्याने या बिया पोटात घेतल्यास जिवावर बेतू शकते. धोत्र्याचे बीज तर औषध नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टातील विषद्रव्य आहे. ते युक्त अंतर्गत औषधावर वैद्याच्या देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. सुटे बीज अनोळखी माणसाच्या हाती देणे याला आम्ही व्यापार म्हणणार नाही.

आणि ताईत, कवच, ‘ग्रहबाधाहर’ गुटी यांच्या जाहिराती करणाऱ्या आपल्यांतीलच काहींविषयी काय बोलावे? चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. भूतविद्या हे अष्टांगांपैकी एक अंग खरे. पण आगंतु उन्मादाच्या विवेचनातही चरकांनी दोष देवपिशाचांच्या माथी न मारता प्रज्ञापराधाकडेच बोट दाखविले आहे.

सर्वांत निकडीचा विषय सर्पदंशाचा. पुष्कळसे दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावूनही काही वेळा विष उतरत नाही. भगताच्या यशाचे गणित येथे आहे. पण मण्यार रात्री झोपेत चावते, वेदना फारशी नसते, सूजही नसते. रुग्ण शांत दिसतो, मंत्र चालू राहतो, आणि पापण्या जड होऊन श्वास थांबेपर्यंत वेळ निघून जाते. कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. कायदा आवश्यकच, परंतु तो पाड्यावर पोहोचविणारा माणूस लागतो, आणि आमच्या मते तो भगतच असू शकतो. ‘आधी दवाखाना, मग देव’ हे डॉक्टरच्या तोंडून ऐकणे वेगळे आणि भगताच्या तोंडून वेगळे.

म्हणून आमची सूचना अशी की, आदिवासी तालुक्यांतील संघटनेच्या सभासदांनी आपल्या भागातील भगतांना प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांसह एकदा जेवावयास बोलवावे. व्याख्यान ठेवू नये. प्रतिविष कोणत्या केंद्रात मिळते, रात्री गाडी कोणाची, फोन कोणाला करावयाचा, एवढेच ठरवावे. बैठक मात्र मृगापूर्वी व्हावी. एकदा आवणी सुरू झाली की भगत शेतातून उठणार नाही, आणि मण्यार तोवर घरात आलेली असेल.