कॅम बदलला, आवाज आला, पुढे काय? स्पोर्ट्स कारच्या इंजिनात 'अपग्रेड' करताना नेमकं कुठे चुकतं?

सिग्नलवर एक स्पोर्ट्स कार उभी आहे. इंजिन एकसारखं चालत नाहीये, अडखळल्यासारखं 'घड-घड... घड-घड' करतंय. अमेरिकेतल्या गाड्यांचे असे रील्स फीडमध्ये सतत दिसतात आणि खाली कमेंट ठरलेली असते: 'भावाने कॅम बदललाय!'

कमेंट बहुतेक वेळा बरोबरच असते. पण त्या एका पार्टसोबत आणखी काय काय बदलावं लागतं, ते चुकलं तर इंजिनाचं काय होतं आणि कायदा त्याकडे कसा बघतो, हे काही सेकंदांच्या रीलमध्ये मावत नाही.

कॅलिफोर्नियात हा विषय 2025 मध्ये पुन्हा चर्चेत आला. तिथे 1976 आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना ठराविक काळाने धुराची तपासणी करून घ्यावी लागते. किमान 35 वर्षं जुन्या संग्राह्य गाड्यांना त्यातून सूट देणारं विधेयक मांडलं गेलं होतं. गाड्यांचे शौकीन असलेले विनोदवीर जे लेनो यांच्या पाठिंब्यामुळे ते 'लेनोज लॉ' म्हणून ओळखलं गेलं. ऑगस्ट 2025 मध्ये ते असेम्ब्लीच्या समितीतच अडकलं. म्हणजे या जुन्या गाड्यांना ती सूट मिळाली नाही.

अशा वेळी रोज रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये बदल करायचेच असतील, तर पार्ट निवडायचे कसे? शेवरोले कॉर्व्हेट झेड06 या गाडीचं उदाहरण घेऊन ते समजून घेऊ.

व्हॉल्व्ह ट्रेन म्हणजे काय?

इंजिनात हवा आणि इंधन आत घेणारे आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे दरवाजे म्हणजे व्हॉल्व्ह. ते उघडायचं काम कॅमशाफ्ट करतो आणि बंद करायचं काम स्प्रिंग करते.

2006 ते 2013 या काळातल्या झेड06 मध्ये 'एलएस7' नावाचं 7 लिटरचं व्ही8 इंजिन होतं. ताकद 505 हॉर्सपॉवर. या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. तो लिफ्टरला ढकलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकर आर्मला आणि रॉकर आर्म शेवटी व्हॉल्व्हला. या सगळ्या साखळीला व्हॉल्व्ह ट्रेन म्हणतात.

साखळी हाच शब्द महत्त्वाचा. एक कडी बदलली की बाकीच्यांवरचा ताण बदलतो.

व्हॉल्व्ह 'तरंगतो' म्हणजे काय होतं?

एलएस7 ची कमाल मर्यादा 7,000 आरपीएम आहे. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे त्या वेगाला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे 58 वेळा उघडतो आणि बंद होतो.

एवढ्या वेगात व्हॉल्व्हला मागे खेचून आणणं सोपं नाही. वेग वाढला की लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 6,000 वरून 7,000 आरपीएमवर जाताना वेग फक्त 17 टक्के वाढतो, पण जोर सुमारे 36 टक्के जास्त लागतो.

स्प्रिंग कमी पडली तर व्हॉल्व्ह कॅमच्या आकाराप्रमाणे चालत नाही, मधल्या मधे तरंगतो. इंग्रजीतल्या 'व्हॉल्व्ह फ्लोट'चा अर्थ तोच. त्यात तो पिस्टनला जाऊन धडकला, तर काम थेट नव्या इंजिनावर जातं.

मग सगळ्यात कडक स्प्रिंग टाकली तर? तिथेच बऱ्याच जणांची चूक होते. जास्त कडक स्प्रिंग कॅम, लिफ्टर आणि रॉकर आर्मवर कायमचा दाब टाकते. ट्रॅकवरचं इंजिन ठराविक तासांनी उघडलं जातं, त्यामुळे तिथे ही झीज चालते. ऑफिसला जाणाऱ्या गाडीचं इंजिन मात्र वर्षानुवर्षं उघडत नाही.

झेड06 च्या मालकांना काय अनुभव आला?

जनरल मोटर्सने या इंजिनात सेवन व्हॉल्व्ह टायटॅनियमचे दिले होते. टायटॅनियम पोलादापेक्षा 40 टक्क्यांहून अधिक हलकं असतं. वजन कमी, म्हणून मध्यम ताकदीची स्प्रिंगही 7,000 आरपीएमला पुरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ दांडीचे आणि आत सोडियम भरलेले होते, म्हणजे डोक्याकडची उष्णता दांडीकडे लवकर वाहून जाते.

पुढे काही इंजिनांत व्हॉल्व्ह गाईड लवकर झिजत असल्याच्या तक्रारी आल्या. गाईड म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून वरखाली सरकते ती नळी. ती ढिली झाली की व्हॉल्व्ह वाकडा बसतो, हलतो आणि वाईटात वाईट वेळी त्याचं डोकंच तुटून सिलिंडरमध्ये पडतं. काही हेड्समध्ये पुरवठादाराकडून मशीनिंगमध्ये चूक झाल्याचं कंपनीने मान्य केलं होतं.

त्यावर मालकांमध्ये रूढ झालेला उपाय म्हणजे हेड उतरवायचं, कांस्याच्या गाईड बसवायच्या आणि पोकळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हऐवजी भरीव स्टेनलेस स्टीलचे टाकायचे. ऐकायला सरळ आहे. पण भरीव व्हॉल्व्ह जड असतो. जड व्हॉल्व्हसाठी ताकदवान स्प्रिंग लागते आणि ताकदवान स्प्रिंगमुळे बाकीच्या कड्यांवर ताण वाढतो. कोणी त्यात सेवन व्हॉल्व्हही स्टीलचे केले, तर कंपनीने टायटॅनियम वापरून वाचवलेलं वजन परत आलं.

अशा इंजिनात एक तर स्प्रिंगचा हिशोब नव्याने करायचा किंवा आरपीएमची मर्यादा खाली आणायची. रस्त्यावरच्या गाडीसाठी दुसरा पर्याय दिसायला फिका असला, तरी टिकायला चांगला आहे.

मग पार्ट निवडताना काय बघायचं?

कॅम: रीलमधला तो आवाज 'ओव्हरलॅप'चा असतो. सेवन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदमच उघडे राहतात. जास्त आरपीएमला याचा फायदा होतो. गाडी जागेवर उभी असताना मात्र जळलेला वायू मागे येतो आणि इंजिन अडखळतं. कमी वेगातला ओढा घटतो, ब्रेक बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूमही कमी होतो. रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ 3,000 आरपीएमच्या खालीच चालते. म्हणून आधी वापर ठरवायचा, मग कॅम.

स्प्रिंग: कॅम बनवणारी कंपनी त्यासोबत कोणती स्प्रिंग हवी हे सांगते. ते बदलू नये. वर निमुळती होणारी 'बीहाइव्ह' स्प्रिंग हलकी असते. दुहेरी स्प्रिंग जड असते, पण एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला धरून ठेवते. जास्त लिफ्टच्या कॅमसाठी दुहेरी घेण्यामागे हेच कारण असतं. दोन्ही ब्रेक पॅडसारख्याच झिजणाऱ्या वस्तू आहेत, वेळेवर बदलायलाच हव्यात.

रिटेनर: स्प्रिंगला वरून धरणारी ही टोपी. टायटॅनियमची सगळ्यात हलकी, पण स्प्रिंगच्या घासण्याने झिजते. रोजच्या गाडीसाठी टूल स्टीलची टोपी थोडी जड पण निर्धोक.

पुशरॉड: हेड तासलं किंवा कॅम बदलला की लागणारी लांबी बदलते. ती कॅटलॉग बघून ठरत नाही, इंजिनावर मोजूनच ठरवावी लागते.

अंतर: व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती जागा उरते हे जुळणी करताना मोजायलाच हवं. सेवन बाजूला साधारण 2 मिमी आणि एक्झॉस्टला 2.5 मिमी हा रूढ अंदाज आहे. मेकॅनिक 'बसेल, काळजी नको' म्हणत असेल, तर काळजी तिथूनच सुरू करावी.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत छेडछाड करता येत नाही. कॅलिफोर्निया आणखी कडक आहे. मूळ पार्टसारखंच काम करणारा बदली पार्ट चालतो. पण प्रदूषणावर परिणाम करणारा वेगळा पार्ट, म्हणजे मोठा कॅमसुद्धा, रस्त्यावरच्या गाडीत टाकायचा असेल तर त्याला राज्याच्या हवा मंडळाचा 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' क्रमांक लागतो.

कॅम इंजिनाच्या आत असतो, बाहेरून कोणाला दिसणार, असा युक्तिवाद केला जातो. पण कॅम बदलला की इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग बदलावं लागतं. जुलै 2021 पासून कॅलिफोर्नियातल्या तपासणीत हे सॉफ्टवेअरही बघितलं जातं आणि मान्यता नसलेलं सापडलं तर गाडी नापास होते. कॅम दिसला नाही, तरी त्याची सावली कॉम्प्युटरमध्ये दिसते.

आणि भारतात?

हे रील्स बघून इथेही बाइक-कारमध्ये प्रयोग होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिवाय पेट्रोल गाडीच्या पीयूसीत गाडी जागेवर चालू ठेवून धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन मोजतात. मोठ्या कॅमचं दुखणं नेमकं तिथेच असतं.

थोडक्यात काय?

झेड06 च्या गोष्टीत तुटलेला पार्ट व्हॉल्व्ह होता, पण दुखणं गाईडमध्ये होतं. आणि उपाय करताना वजन वाढलं ते तिसऱ्याच कडीला सोसावं लागलं. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत पहिला खर्च आवाजावर करू नये. गाईड ढिल्या आहेत का, स्प्रिंग बसली आहे का, पुशरॉडची लांबी बरोबर आहे का, हे आधी तपासावं. यातून रील बनत नाही. पण रील संपल्यावर त्याच गाडीने घरीही परत जायचं असतं.