बागेतला ट्रॅक गेला, मुली घरात बसल्या

आमच्या नगरपालिकेच्या बागेत मागच्या कोपऱ्यात पाइपलाइनच्या खोदकामाची माती कित्येक महिने पडून होती. मुलांनी घरून खोरं-घमेली आणली, चार-पाच उंचवटे रचले, वळणं केली आणि झाला की सायकलचा ट्रॅक! सगळी सुट्टी त्यावरच गेली. मग एका सकाळी जेसीबी आला आणि अर्ध्या तासात सगळं सपाट. फिरायला येणाऱ्या एका आजींना सायकलचा धक्का लागून मनगट मोडलं होतं, तक्रार गेली होती.

आजींचं दुखणं काही खोटं नाही. उद्या एखादं पोर डोक्यावर पडलं तर जबाबदार कोण, हा मुख्याधिकारी साहेबांचा प्रश्नही बरोबरच. मंजूर नकाशात ट्रॅक नाही, तेव्हा अंगाशी येण्याआधी काढून टाकलेला बरा, हा सरकारी हिशेब. पण फिरायच्या वाटेला कठडा घालता आला असता, वेळा ठरवता आल्या असत्या. कुणी विचारलं? मुलांना तर नाहीच, त्यांच्या आयांनाही नाही.

मैत्रिणींनो, मला काळजी आहे ती मुलींची. मुलगे लगेच बायपासवर सायकली न्यायला लागले (तेही धोक्याचंच!). मुलींना मात्र आपण "रस्त्यावर नको" म्हणून बजावतो. बागेत चार बायका बसलेल्या असतात, म्हणून तिथे सोडत होतो. आता त्या टीव्हीसमोर. इकडे शासन मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेत जायला सायकली देतं. त्या सायकलीवर हात बसायला जागा कुठे?

मुलांनी आपल्या हाताने रचलेलं खेळाचं ठिकाण म्हणजे अतिक्रमणच, असं सगळीकडे मानत नाहीत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुपला 1943 साली, देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, असं एक मैदान सुरू झालं. बागांची आखणी करणाऱ्या सोरेन्सन यांची ती कल्पना. मुलांनी लाकडं-भंगारातून हवं ते बांधायचं, मोडायचं आणि लक्ष ठेवायला एक मोठं माणूस. पुढे ही पद्धत इंग्लंडातही गेली. आपल्याकडेही कागदावर काही कमी नाही. मुलांना खेळण्याचा हक्क आहे असं सांगणारा संयुक्त राष्ट्रसंघाचा बालहक्क करार भारताने 1992 मध्येच स्वीकारला आहे. कलम 31 बघा.

आणि नगरपालिकेत 2011 पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. महिला व बालकल्याण समिती नुसती शिलाई मशीन वाटायला आहे का?

आमच्या महिला मंडळाने बेचाळीस सह्यांचं निवेदन दिलंय. मागणी साधी आहे. त्याच कोपऱ्यात, पण फिरायच्या वाटेपासून लांब, कुंपण घालून ट्रॅक करा आणि संध्याकाळी दोन तास एक माणूस ठेवा. त्या आजींच्या सुनेने सही केली नाही. तिचंही चूक नाही, घरातलं सगळं तिच्यावर पडलंय. साहेबांनी सोमवारी बोलावलंय. ट्रॅकवर येणाऱ्या दोघी-तिघी मुलींनाही सोबत नेणार आहे, कठडा कुठे हवा ते त्यांनाच जास्त ठाऊक.