आमच्या वेळेलाच कुलूप

मैत्रिणींनो, पुण्यातल्या एखाद्या बागेत सकाळी सातला जाऊन पाहा. पांढरे बूट घालून भरभर चालणारे निवृत्त गृहस्थ दिसतील, हास्यक्लब दिसेल. संध्याकाळी सहाला गेलात तर मुलांची घसरगुंडीवर झुंबड असेल. आता दुपारी एकला जा. बहुतेक ठिकाणी फाटकाला कुलूप दिसेल.

महापालिकेची शहरात दोनशेहून अधिक उद्याने आहेत. त्यांतली बरीचशी सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. याविरुद्ध कुणी आरडाओरडा केल्याचे ऐकिवात नाही. ज्यांचे म्हणणे महापालिकेत ऐकले जाते, त्यांची यात गैरसोयच होत नाही ना!

गैरसोय कुणाची होते ते सांगते. मुठेच्या काठच्या एका वस्तीत मी काम करते. तिथल्या बहुतेक बाया धुणीभांडी, स्वयंपाकाची कामे करतात. पहाटे पाणी भरायचे, डबे करायचे, आठपासून तीन-चार घरची कामे उरकायची. साडेबाराला घरी. चारला दुसरी पाळी. मधले तीन तास काय ते तिचे. त्या वेळी दहा बाय दहाच्या खोलीवर पत्रा तापलेला असतो आणि रात्रपाळी करून आलेला नवरा आत झोपलेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात बचत गटाची बैठक वस्तीत घेणे अशक्य झाले, तेव्हा मीच सुचवले की जवळच्या बागेत बसू. अकराजणी निघालो. एकीने डब्यात चिवडा घेतला होता, दोघींनी ठेवणीतले पातळ नेसले होते. फाटकाशी रखवालदार म्हणाला, "ताई, चारला या." मागून एक मावशी म्हणाल्या, "चारला यायला आमी काय रिकाम्या हाओत व्हय?" त्या दिवशी बैठक बागेच्या भिंतीलगत, फुटपाथवर झाली. आत झाडांची गार सावली दिसत होती.

नंतर मी संबंधित कार्यालयात गेले. तीन कारणे मिळाली. एक, दुपारी झाडांना पाणी घालतात, साफसफाई होते. दुसरे, रखवालदार कमी आहेत. तिसरे कारण साहेबांनी जरा आवाज खाली आणून सांगितले: "दुपारी जोडपी येऊन बसतात हो. चांगल्या घरच्या बायकांना मग येववत नाही."

पहिली दोन कारणे व्यवस्थेची आहेत आणि मनात आणले तर सुटण्यासारखी आहेत. पाणी पहाटे घालता येते, झाडलोट बागेचा एकेक भाग बंद ठेवून करता येते. खरे कारण तिसरे आहे. दोन तरुण माणसे बाकावर बसून बोलतात, म्हणून अख्ख्या बागेला कुलूप! आणि ते घालायचे 'चांगल्या घरच्या बायकां'च्या नावाने! त्या बायकांना कुणी विचारले होते? आमच्या अकराजणींना जोडप्यांचा त्रास होणार नव्हता. त्रास झाला तो कुलपाचा. बाईच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला की पहिला उपाय तिलाच बाहेर ठेवण्याचा. घरात हेच होते आणि नगरपित्यांच्या कारभारातही हेच होते.

आपल्यापैकीही काहीजणी म्हणतील, पाणी, रेशन, मारहाण असे प्रश्न असताना बागेचे काय घेऊन बसलात? मला हे पटत नाही. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटे. बाईची विश्रांती अशी आधी घरात कापली जाते. जी उरते ती घालवायला जागाही नसेल, तर तो चैनीचा प्रश्न कसा? पूर्वी बाया नदीवर धुण्याला जात. काम कष्टाचे होते, पण त्या निमित्ताने चार शब्द बोलता येत. नदी गटार झाली, घाट सुटले. निमित्त गेले आणि जागाही गेली. पुरुषाला पारावर, चौकात, पानाच्या ठेल्यावर बसायला निमित्त लागत नाही. बाईला मात्र दळण, देऊळ, मुलाची शाळा यांतले काहीतरी सांगावेच लागते.

आता मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचा विकास चालू आहे. २०२२ साली पायाभरणी झाली. चित्रांत चालण्याचे मार्ग, सायकलींचे मार्ग, बसायचे कट्टे दिसतात. झाडांबद्दल आणि पुराच्या पाण्याबद्दल पर्यावरणवाद्यांनी घेतलेले आक्षेप मला रास्त वाटतात. पण समजा, हे सगळे उभे राहिलेच, तर ते कुठल्या वेळेला उघडे असेल? तिथे बाईसाठी स्वच्छ, फुकट स्वच्छतागृह असेल का? काठावरच्या वस्तीतली बाई तिथे बसली, तर तिला "इथे काय काम आहे?" असे कुणी विचारणार नाही ना?

सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारले आहे. ओकायामाची ती बाग भर दुपारी उघडी असते. पूल, तळे, हिरवळ यांची नक्कल जमली, तर वेळेची जमायला काय हरकत आहे?

उद्याने पुरवणे हे ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवलेल्या कामांपैकी एक आहे. महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा आपापल्या नगरसेविकेला गाठा. मागणी साधी आहे: नदीकाठच्या आणि वस्त्यांजवळच्या बागा दुपारी उघड्या ठेवा, स्वच्छतागृहे चालू ठेवा, आणि वेळा ठरवताना वस्तीतल्या बायांना विचारा. तोवर आमच्या गटाची बैठक दर महिन्याला त्याच फाटकासमोर, एक वाजता होईल. ज्यांना जमेल त्यांनी यावे. येताना बसायला सतरंजी आणावी.