एक कोयता, दोन माणसे

दिवाळीचे दिवे विझले की आमच्या धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः भूम, वाशी, कळंब आणि परंड्याच्या बाजूला, कितीतरी घरांना कुलुपे लागतात. माणसे ऊसतोडीला निघून जातात. धाकटी मुले बरोबर, थोरली आजीपाशी, आणि परत येणे फाल्गुन-चैत्रात. या तोडीच्या हिशेबात 'कोयता' हा शब्द हत्याराला लावीत नाहीत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी! मुकादम विचारतो, "किती कोयते देता?" एकटाच गडी असला तर तो 'अर्धा कोयता'. उचल मिळते ती जोडीवर, मात्र बहुधा पडते नवऱ्याच्या हातात. दोघे मिळून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात. बाई आजारी पडली की गड्याचीही मजुरी बुडते.

पुण्या-मुंबईच्या माझ्या वाचक भगिनींना हा हिशेब ऐकून अंगावर काटा येईल, आणि तो यावाच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दोन माणसांचा संसार हे एकच गाडे आहे, एक चाक रुतले की दुसरे फिरत नाही, ही गोष्ट व्यवहारी मुकादमाने फार आधी ओळखली. वैद्यकशास्त्राने मात्र ओळखायला पुष्कळ वेळ लावला. वैद्यापुढे येतो तो एकटा रोगी. खाट एकट्याची, औषधाची बाटली एकट्याची, केसपेपर एकट्याचा. घर बाहेरच्या बाकावर बसून राहते.

आपल्याकडे हा बाक आत नेला तो अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांनी. १९५० नंतरच्या दशकात तेथील मनोरुग्णालयाच्या आवारात त्यांनी तंबू ठोकले आणि रोग्यांच्या नातलगांना रोग्याबरोबर राहायला बोलावले. जागा अपुरी होती हे खरे, पण त्या अडचणीतून केवढी मोठी गोष्ट निघाली! आई, बायको, भाऊ रोग्याची शुश्रूषा करता करता शिकत, आणि रोगी घरी गेला की ते शिकणेही त्याच्याबरोबर घरी जाई.

त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ वेगळ्याच कोड्यात पडले होते. मनोरुग्णालयातून सुटलेले लोक आईबापांकडे किंवा बायकोकडे गेले, तर त्यांचे दुखणे पुष्कळदा उलटे; परक्याच्या घरी भाड्याने राहिले, तर कमी! माया कमी आणि प्रकृती बरी, असे कसे? पुढे १९७२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत रोग्यावर सतत टीका होई, किंवा काळजीपोटी त्याला श्वासही घेऊ देत नसत, अशा घरांतल्या शंभरांपैकी ५८ जणांचे दुखणे नऊ महिन्यांत उलटले. शांत घरांत हे प्रमाण १६ होते. मग हीच मोजपट्टी चंदीगडला लावली गेली. १९८७ साली छापल्या गेलेल्या त्या निष्कर्षांत आपल्याकडच्या नातलगांची टीका लंडनपेक्षा कमी भरली, आणि खेड्यांतली तर त्याहून कमी.

एकत्र कुटुंबाच्या अभिमान्यांनी एवढ्यावरून हुरळून जाऊ नये. तेथे मोजली गेली ती आजाऱ्यावरची टीका. धडधाकट सुनेवरची कोणी मोजली नव्हती.

आता नवरा-बायकोंविषयी. दोघांना समोरासमोर बसवून सल्ला दिला तर खरोखर उपयोग होतो का, की हे सारे शिकल्यासवरल्या लोकांचे खूळ आहे? अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि सिएटल या दोन शहरांत अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी १३४ जोडपी घेतली. रुसव्याफुगव्याची नव्हे, वर्षानुवर्षे एकमेकांना विटलेली. काहींना शिकवले, एकमेकांसाठी काय बदलता येईल ते ठरवा. काहींना त्याबरोबर हेही शिकवले, की जे बदलणार नाही त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहा. पाच वर्षांनंतर पाहिले, तर दोन्ही प्रकारांत जवळजवळ निम्म्या जोडप्यांचे बरे चालले होते, आणि चौथा हिस्सा किंवा किंचित जास्त जोडपी विभक्त झाली होती. निम्मे म्हणजे थोडे, असे तुम्ही म्हणाल. मला नाही तसे वाटत. मोडायला टेकलेल्या संसारांतले निम्मे पाच वर्षे तरले, हे देणे लहान नाही.

याच सिएटलचे जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणे वर्षानुवर्षे टिपून काढली. त्यांना असे आढळले, की भांडणाच्या विषयांपैकी दोन तृतीयांशांहून थोडे अधिक विषय कधी सुटतच नाहीत. चांगल्या नांदणाऱ्या जोडप्यांचेसुद्धा नाहीत. विषय तेच राहतात, बोलण्याची तऱ्हा बदलते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या आळीतले एक जोडपे आठवले. तो पतसंस्थेत कारकून, ती प्राथमिक शिक्षिका. मी निवृत्त मास्तरीण, म्हणून दोघेही वेगवेगळे माझ्याकडे येत. तो म्हणे, "काकू, ही चार चार दिवस बोलत नाही बघा." ती म्हणे, "काकू, ह्यांनी भावाला पैसे धाडले, ते मला बँकेच्या पुस्तकातून कळायलंय." दोघांची तक्रार ऐकली की दोघेही खरे वाटत. मग एका रविवारी मी दोघांना एकत्रच चहाला बोलावले आणि एक अट घातली. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ते ऐकून आधी जसेच्या तसे परत सांगायचे, मगच उत्तर द्यायचे. ही युक्ती माझी नव्हे, समुपदेशकांची जुनी रीत आहे.

ती म्हणाली, "पैसे पाठवताना मला विचारलं नाही."

तो म्हणाला, "हिला माझ्या भावाचं शिक्षण नको आहे."

"असं मी कुठं म्हणाले?"

तीन वेळा त्याने चुकीचेच परत सांगितले. चौथ्यांदा म्हणाला, "तुला विचारलं नाही, ह्याचं तुला वाईट वाटलं." इतक्यावर ती रडू लागली आणि तो गोंधळून बशीतला चहा कपात ओतू लागला. पैसे अजूनही जातात. भांडणेही होतात, भिंतीपलीकडून मला ऐकू येतात. पण अबोला गेला. पूर्वी चार दिवस चाले ते आता तासाभरात उरकते.

पण आळीतले एक जोडपे म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि शेजारच्या गोव्यात आहे; दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. गोव्यात 'संगत' संस्थेने दारूच्या आहारी गेलेल्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला आणि २०१७ साली निष्कर्ष छापले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या कार्यकर्त्यांनी त्यांचे समुपदेशन केले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते; न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. चांगलेच यश म्हणायचे. पण घरच्या बाईला होणाऱ्या त्रासात काही फरक पडल्याचे दिसले नाही. बाटली खाली ठेवली, हात मात्र तसाच राहिला!

दुसरा प्रयोग ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातला. आज त्यातला बराच मुलूख पालघर जिल्ह्यात मोडतो. १०८१ तरुण जोडपी. गावातल्याच पुरुष वैद्यकीय व्यावसायिकांना शिकवून तयार केले आणि त्यांनी तीन बैठका घेतल्या. दोन एकट्या नवऱ्याबरोबर, तिसरी दोघांना एकत्र बसवून. विषय कुटुंबनियोजनाचा, पण त्याच ओघात बायकोचे मत, तिची नाही म्हणण्याची मुभा, मारहाण, हे सारे येई. दीड वर्षानंतर त्या गावांत संततिनियमनाची साधने वापरणारी जोडपी जास्त होती, आणि नवऱ्याने शरीरसंबंधाची जबरदस्ती केल्याचे सांगणाऱ्या बायका, ज्या गावांत या बैठका झाल्या नाहीत तेथल्यापेक्षा, स्पष्टपणे कमी होत्या. अवघ्या तीन बैठका!

दोन्ही प्रयोगांचे हेतू निराळे, माणसे निराळी; तेव्हा त्यांची सरळ तुलना शास्त्राला मंजूर होणार नाही. तरी माझे मन म्हणते, की गोव्यात बाई बाकावरच राहिली आणि ठाण्यात ती आत आली.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. जेथे हाडे मोडताहेत तेथे 'दोघांनी थोडे थोडे समजून घ्या' हा सल्ला म्हणजे सल्लाच नव्हे. आपल्याकडे तडजोड हा शब्द फार स्वस्त झाला आहे, आणि तिची किंमत दर वेळी एकाच बाजूने मोजली जाते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा. त्याखालच्या २००६ च्या नियमांत एक फार शहाणे वाक्य आहे. समुपदेशनाच्या बैठकीत नवऱ्याला आपल्या मारहाणीचे समर्थन मांडू द्यायचे नाही. "तिने उलट उत्तर दिले म्हणून" हे तेथे चालत नाही. आणि पुन्हा हात उगारणार नाही अशी हमी त्याच्याकडून आधी घ्यायची. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो एवढ्यासाठीच, की समजूत घालणाऱ्याच्या पाठीशी पोलिसांचा धाक असावा. पुढे असे कक्ष राज्यातल्या इतर जिल्ह्यांतही निघाले.

त्याच संस्थेचा एक परिसर आमच्या तुळजापुरात आहे. शेतकऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्प आमच्या जिल्ह्यात आला. आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करतात. माझे त्यांना एवढेच सांगणे, की बाई गं, धन्याला विचारशील तेव्हा धनिणीलाही बसवून घे. कर्ज त्याच्या नावावर असते, पण रात्रीची जाग दोघांची असते. आणि कोयत्यांची विचारपूस करायची तर ती दसऱ्याच्या आत करायला हवी, नाहीतर कारखान्यावरच्या कोप्यांपर्यंत चालत जायला हवे. कुलपाला काय विचारणार?

पुण्याच्या वस्त्यांतून नवविवाहितांसाठी एक उपक्रम आखला गेला. नाव मोठे गोड, 'घ्या भरारी एकत्र'. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि अमेरिकेतील एमरी विद्यापीठ यांचे हे काम. एक स्त्री आणि एक पुरुष, अशी कार्यकर्त्यांची जोडी चार-पाच जोडप्यांना घेऊन सहा बैठका घेई. भांडण पेटण्याआधीच, म्हणजे हळद निघण्याच्या सुमारास.

आणि हळद निघण्याआधी जोडपी कोठे येतात? आमच्या तुळजापूरला! लग्नसराईत भवानीच्या दर्शनाला आलेली जोडपी पाहावीत. उपरण्याला शालूची गाठ, नवरा पुढे, नवरी मागे, आणि पाठीशी सासू-सासरे, नणंदा, मावश्या. दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहायचे असते. त्या रांगेच्या कडेला एखादी खोली मिळावी, पंखा असावा, माठात पाणी असावे, आणि एक शहाणी बाई व एक शहाणा बुवा बसलेले असावेत. वऱ्हाड्यांनी अर्धा तास बाहेर थांबावे. सासूबाईंनीसुद्धा.