‘रिअलिस्टिक’ मुखपृष्ठावर चेहरा कुणाचा?



ग्राफिक डिझाइनच्या वर्गात एक असाइनमेंट हमखास मिळते : खरंखुरं वाटेल असं मासिकाचं मुखपृष्ठ करा. मासिकाचं नाव, महिना, किंमत, कोपऱ्यात बारकोड. नियतकालिकाचा बारकोड ९७७ ने सुरू होतो, हे ज्याला ठाऊक त्याचं काम जास्त खरं दिसतं. ही कारागिरी आपल्या पोरांनी शिकलीच पाहिजे. आमचा वाद चेहऱ्याचा आहे.

भोर तालुक्यातल्या आंबवड्याची आमची एक मुलगी पुण्यात हा कोर्स करते. तिने मुखपृष्ठावर आईला घेतलं. भातलावणी, डोक्यावर इरलं, पोटरीपर्यंत चिखल. शेरा मिळाला, “छान आहे, पण मासिकाचं वाटत नाही. संस्थेच्या अहवालाचं वाटतं.” मग तिने फुकटच्या साइटवरून गोरी मॉडेल उतरवली आणि काम ‘रिअलिस्टिक’ ठरलं! चिखलात उभी असलेली बाई खोटी, आणि जिचं नावगाव कुणाला ठाऊक नाही ती खरी.

एकट्या मास्तरांना दोष देऊन भागणार नाही. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांचा हात मोठा, ते कोण नाकारतो? पण दिवाळी अंकांवरची ती नाजूक, उजळ स्त्री मराठी घरांत इतकी वर्षं आली की मुखपृष्ठ म्हणजे तीच, असं ठरून गेलं. आमची बाई आलीच तर आतल्या पानात, ‘समस्या’ म्हणून.

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे मोजूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. त्या बाजारालाही हे पत्र ‘खरं’ वाटलं नव्हतं. बाबासाहेबांनी बाजारासारखं दिसायचा प्रयत्न केला नाही. नावाखाली तुकोबांचा अभंग घातला; १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. १९५६ मध्ये ‘जनता’चं ‘प्रबुद्ध भारत’ झालं. मूक, बहिष्कृत, प्रबुद्ध : पत्राच्या नुसत्या नावांतून समाजाचा प्रवास वाचता येतो. डिझाइनच्या वर्गात हे शिकवतात का?

आणि आपली मंडळं? जयंतीच्या स्मरणिकेवर निळं आकाश, उगवता सूर्य आणि वर्गणीदार पुढाऱ्यांचे गोल फोटो. तिथेही ती बाई नाहीच.

त्या मुलीची पहिली फाइल अजून शाबूत आहे. येत्या १४ एप्रिलच्या स्मरणिकेला तेच मुखपृष्ठ घ्या, तीनशे डीपीआय, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड सोडून. पुढाऱ्यांचे फोटो आत जातील. आणि तिच्या आईचं नाव ठळक टाइपात बाहेर.